मतदार यादीतील नाव आणि मतदानाची रीत
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठटिपण)



शाळाभेटीच्या निमित्ताने कवठे येमाई परिसरातील एका शाळेत सातवीच्या वर्गावर बसण्याचा योग आला. नागरिकशास्त्राचा तास चालू होता. मुलांना सहज विचारले, "आपले गाव कोणत्या तालुक्यात आहे?" सर्वांनी एका सुरात "शिरूर" असे उत्तर दिले. "मग आपल्या गावाचा विधानसभा मतदारसंघ कोणता?" पुन्हा तेच उत्तर, तितक्याच मोठ्या आवाजात आले. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि संकोचाने म्हणाली, "सर, आजीच्या मतदानाच्या चिठ्ठीवर आंबेगाव लिहिलं होतं."

त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. इतरांचे चुकले यात त्यांचा दोष नाही. आपण मुलांना राज्यघटनेतील कलमे पाठ करवितो, लोकसभेच्या व विधानसभेच्या सदस्यांची संख्या घोकवितो, परंतु घरात येणारी मतदानाची चिठ्ठी वाचावयास शिकवीत नाही. मतदानाचा हक्क पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. प्रत्यक्षात मात्र तो हक्क यादीतील एका बारीक ओळीत सामावलेला असतो. ती ओळ बरोबर नसेल तर हक्क असूनही तो बजावता येत नाही. म्हणून या पाठात यादीतील नावास प्रथम स्थान द्यावे व मतदानाची रीत त्यानंतर शिकवावी, अशी या टिपणातील सूचना आहे.

पाठाची उद्दिष्टे

(१) आपले गाव कोणकोणत्या मतदारसंघांत मोडते, हे विद्यार्थ्यांस सांगता यावे.
(२) मतदार यादीत नाव कसे येते, कसे दुरुस्त होते व कशामुळे वगळले जाते, हे त्यांस समजावे.
(३) मतदान केंद्रातील क्रम व त्यामागील कारणे त्यांस समजावीत.
(४) मताची गुप्तता हे दुर्बळाचे संरक्षण आहे, ही जाणीव त्यांच्या मनावर ठसावी.

एक गाव, अनेक मतदारसंघ

प्रथम फळ्यावर गावाचे नाव लिहून त्याभोवती वर्तुळे काढावीत. कवठे येमाईचेच उदाहरण घेऊ. सर्वांत आतले वर्तुळ प्रभागाचे. ग्रामपंचायतीचे सदस्य प्रभागातून निवडून येतात. दुसरे वर्तुळ संपूर्ण गावाचे. थेट निवडणूक असते तेव्हा सरपंचाची निवड सारे गाव मिळून करते. ही पद्धत महाराष्ट्रात २०१७ साली आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा स्वीकारली गेली. तिसरे वर्तुळ पंचायत समितीच्या गणाचे व चौथे जिल्हा परिषदेच्या गटाचे. एका गटात दोन गण असतात. येथपर्यंत आपला तालुका शिरूर हाच आहे.

पाचवे वर्तुळ विधानसभा मतदारसंघाचे. येथे तालुक्याची सीमा ओलांडली जाते. २००८ सालच्या पुनर्रचनेनुसार शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसह अनेक गावे आंबेगाव विधानसभा मतदारसंघास जोडलेली आहेत. तालुका महसुलाच्या सोयीसाठी आखलेला असतो. मतदारसंघ आखताना लोकसंख्या शक्यतो सारखी ठेवावी लागते, कारण एका मताचे वजन दुसऱ्या मताइतके असावे हे त्यामागील तत्त्व आहे. सहावे वर्तुळ लोकसभा मतदारसंघाचे. तेथे नाव पुन्हा शिरूर येते. जुन्नर, आंबेगाव, खेड आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून शिरूर लोकसभा मतदारसंघ होतो. शेजारचा दौंड मात्र बारामती लोकसभा मतदारसंघात आहे. सीमेवरील गावांतील मुलांचे आप्तेष्ट दोन्हीकडे असतात, म्हणून ही तुलना त्यांस सहज पटते.

वर्तुळे काढून झाल्यावर मुलांस एवढेच सांगावे की, वर्तुळे सहा असली तरी त्या सर्वांच्या मुळाशी यादी एकच आहे. विधानसभा मतदारसंघाची यादी भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार होते. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या निवडणुका घेणारा महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग हा वेगळा आयोग आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर, १९९४ साली, तो स्थापन झाला. परंतु तो आयोगही स्वतःची निराळी यादी करीत नाही. विधानसभेचीच यादी तो ठरावीक तारखेला घेतो व प्रभागांप्रमाणे विभागतो. तात्पर्य, विधानसभेच्या यादीतून ज्याचे नाव गेले, त्याचे ग्रामपंचायतीचे मतही गेले. इतकेच नव्हे, ग्रामसभेचे सभासदत्वही त्याच नावावर अवलंबून आहे, कारण गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तोच ग्रामसभेचा सभासद होय.

हक्क कसा मिळाला

प्रत्येक प्रौढास मत हा विचार आज स्वाभाविक वाटतो, परंतु तो फार जुना नाही. इंग्रजी अमदानीत मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींवर अवलंबून होता. मुंबई प्रांतात १९२१ साली स्त्रियांना कायदेमंडळासाठी मत मिळाले, तेही त्याच अटींवर. शेतमजूर, बलुतेदार, रोजंदारीवर पोट भरणाऱ्या बाया यांचा विचार त्यात नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. निरक्षर माणसाला आपले हित कळत नाही, असे समजणे चूक आहे, ही त्यामागील भूमिका होती.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम ३२६ अन्वये प्रौढ मताधिकार दिला, आणि कलम ३२५ अन्वये धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणासही यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे ठरविले. प्रारंभी वयाची अट २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर्षांवर आली. स्वित्झर्लंडसारख्या जुन्या लोकशाही देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत १९७१ साली मिळाले. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री व पुरुष एकाच रांगेच्या हक्काने उभे राहिले, हे मुलींच्या वर्गात अवश्य सांगावे.

अठ्ठावीस लाख नावे

परंतु हक्क मिळाला म्हणजे मत मिळाले असे नाही, याचा धडा त्याच पहिल्या निवडणुकीने दिला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदारांची यादी तयार झाली. याद्या करणारे कर्मचारी घरोघरी गेले तेव्हा असंख्य स्त्रियांनी आपले नाव परक्या माणसास सांगण्यास नकार दिला. "अमक्याची बायको," "तमक्याची आई" एवढेच त्या सांगत. नावावाचून मतदार ओळखावा कसा? आयोगाने निश्चय केला की, स्वतःचे नाव न सांगणाऱ्या स्त्रीची नोंद ठेवावयाची नाही. त्यामुळे सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळाली.

हा निर्णय कठोर होता. तरी त्यामागे एक मोठे तत्त्व होते. मत कोणाच्या पत्नीचे किंवा मातेचे नसून व्यक्तीचे असते, व म्हणून यादीत व्यक्तीचेच नाव हवे. ही गोष्ट सांगून झाल्यावर वर्गातील प्रत्येक मुलास आपल्या आजीचे संपूर्ण नाव वहीत लिहावयास सांगावे. आजही कित्येकांना ते लिहिता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आज निराळ्या रूपाने उभा राहतो. लग्नानंतर मुलीचे मधले नाव व आडनाव बदलते, काही घरांतून पहिले नावही बदलतात. माहेरच्या यादीत एक नाव, सासरच्या कागदांवर दुसरे, अशी तिची स्थिती होते. पुष्कळदा माहेरचे नाव कोणी काढीत नाही व सासरी कोणी घालीत नाही.

यादीचे नियम

मुलांस पुढील नियम सोप्या भाषेत सांगावेत.

ज्याने १८ वर्षे पूर्ण केली आहेत, जो भारताचा नागरिक आहे व जो त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी आहे, त्याचे नाव यादीत येऊ शकते. वय मोजण्यासाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्जही करता येतो. ज्यांच्या घरी असा थोरला भाऊ किंवा बहीण आहे, त्या मुलांनी ही वार्ता घरी न्यावी.

प्रथमच नाव नोंदवावयाचे असल्यास नमुना ६ भरावा. नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावास हरकत घेण्यासाठी नमुना ७ आहे. पत्ता बदलला, नावात चूक असली, किंवा लग्नामुळे मुलगी दुसऱ्या गावी गेली, तर नमुना ८ भरावा. येथे एक चूक वारंवार होते. सासरी आलेल्या सुनेसाठी घरचे लोक नमुना ८ ऐवजी नमुना ६ भरतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी येते. कोणाचेही नाव दोन मतदारसंघांच्या याद्यांत किंवा एका यादीत दोनदा असता कामा नये, असा कायदा आहे. जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीपुरती यादीत भर घालता येत नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी यादी पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. मतदार ओळखपत्र हातात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि यादीत नाव असून ओळखपत्र हरवले असेल तर आधार, वाहन परवाना, पारपत्र, रोजगार हमीचे कार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांसारख्या मान्य कागदांवर मत देता येते. या दोन वाक्यांतील फरक मुलांच्या ध्यानात आला की निम्मा पाठ झाला असे समजावे.

घराला कुलूप होते

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी सहशिक्षक होतो व माझ्याकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम होते. यादीच्या पडताळणीत एका वृद्ध बाईंच्या घराला कुलूप आढळले. शेजाऱ्याने सांगितले, "त्या आता लेकीकडंच असत्यात." मी पुन्हा फेरी मारली नाही. नावापुढे "स्थलांतरित" असा शेरा लिहिला. त्यांच्या नावाची नोटीस बंद दारावरून परत आली, त्यावरही मी तोच शेरा कायम केला. पुढे नाव वगळले गेले.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर मदतीच्या टेबलाशी बसलो होतो. त्या बाई ओळखपत्र घेऊन आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, माझं नाव बघा की." मी यादी चाळली. नाव नव्हते. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने गेल्या होत्या, एवढेच घडले होते. मी नियम समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, "घराला कुलूप व्हतं गुरुजी, पण घर तर हिथंच व्हतं ना?"

पुढे कायदा नीट वाचला तेव्हा त्या बाईंचे वाक्य व कायद्याचे कलम एकच सांगत आहेत, असे आढळले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मधील कलम २० म्हणते की, तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणी सर्वसाधारण रहिवासी असण्याचे थांबत नाही. कलम २२ म्हणते की, रहिवासी राहिला नाही या कारणाने नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नोटीस परत आली तेव्हाच मी लेकीच्या गावाची चौकशी केली असती, तर त्या दिवशी त्यांना माघारी जावे लागले नसते. नंतर त्यांचा अर्ज मी स्वतः भरला, परंतु मत देण्यासाठी त्यांना पुढील निवडणुकीची वाट पाहावी लागली.

आपल्या भागात ऊसतोडीसाठी कुटुंबे हंगामापुरती बाहेर जातात, मेंढपाळ कळप घेऊन महिनोन् महिने फिरतीवर असतात. त्यांच्या घरांना कुलूप असणे हे त्यांच्या धंद्याचे लक्षण आहे. कुलूप पाहून शेरा लिहू नये. पुन्हा जावे, विचारावे, आणि मगच लेखणी उचलावी.

यादी शुद्ध का असावी

नाव चुकून वगळणे जितके वाईट, तितकेच नको असलेले नाव राहणे वाईट. हे सातवीच्या वर्गास शेकडेवारीच्या एका उदाहरणाने शिकविता येते. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदान घेता येते. बायाबापड्या त्यास "आडवी बाटली, उभी बाटली" म्हणून ओळखतात. २००८ च्या आदेशाप्रमाणे किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान होते, आणि दुकान बंद होण्यासाठी एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. हजर असलेल्यांपैकी नव्हे, यादीतील एकूणांपैकी, हे लक्षात घ्यावे.

आता गणित घालावे. समजा, एका गावाच्या यादीत १,२०० स्त्रिया आहेत. मागणीसाठी ३०० सह्या व विजयासाठी ६०१ मते लागतील. परंतु त्यातील ९० नावे मृत झालेल्या किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या स्त्रियांची आहेत. यादी शुद्ध असती तर एकूण संख्या १,११० भरली असती व ५५६ मते पुरली असती. म्हणजे जुन्या नावांमुळे ४५ मते अधिक मिळवावी लागली. गैरहजर नाव मत देत नाही, पण मोजले मात्र जाते. यादीतील निष्काळजीपणाने गावचा निर्णय कसा फिरू शकतो, हे मुलांस या उदाहरणावरून उमगेल.

मतदान केंद्रातील क्रम

बहुतेक गावी आपली शाळा हेच मतदान केंद्र असते. ज्या खोलीत मुले शिकतात, त्याच खोलीत हा क्रम घडतो, म्हणून तो बाके हलवून तेथेच दाखवावा. विधानसभा व लोकसभा यांच्या निवडणुकीत तो पुढीलप्रमाणे असतो.

मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतात, मते जुळतात की नाही ते पाहतात, व यंत्र शून्यावर आणतात. नंतर दार उघडते. पहिला मतदान अधिकारी मतदाराची ओळख पटवून त्याचा अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचण्याचे कारण असे की, माणूस तोतया असल्यास प्रतिनिधीस हरकत घेता यावी. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीस शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो व चिठ्ठी देतो. ही शाई म्हैसूर येथील सरकारी कारखान्यात १९६२ पासून तयार होत आली आहे. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राची कळ दाबतो. मग मतदार आडोशामागे जाऊन आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढील निळे बटण दाबतो. तांबडा दिवा लागतो, शेजारच्या यंत्रात उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेला कागद सात सेकंद दिसतो व आत पडतो. कोणीच पसंत नसल्यास शेवटचे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने ते आले.

आपल्या आधी दुसऱ्याच कोणी आपल्या नावावर मत देऊन गेला, असे आढळले तर रडत परत जाऊ नये. ओळख पटल्यास मतदान केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतो. तीस प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात ठेवतात. वेळ संपण्यापूर्वी जो रांगेत उभा राहिला, त्यास उशीर झाला तरी मत देता येते. अशा वेळी रांगेतील शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटीत पुढे येतात, म्हणजे नंतर कोणी मागे येऊन उभा राहत नाही. ही युक्ती मुलांस फार आवडते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक मोठा फरक आहे. प्रभागात जितक्या जागा, तितकी मते मतदाराने द्यावयाची असतात, मात्र एका उमेदवारास एकाहून अधिक मत देता येत नाही. प्रभागात तीन जागा व शिवाय सरपंचाची थेट निवडणूक असेल तर चार बटणे दाबावी लागतात. पुष्कळ वृद्ध एकच बटण दाबून बाहेर निघतात. मुलांनी घरी जाऊन आजीआजोबांस हे समजावून सांगावे.

गुप्तता कोणासाठी

पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी व तिच्यावर चिन्ह असे. मतदार आडोशामागे जाऊन पसंतीच्या पेटीत कागद टाकी. पुढे मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली व नंतर यंत्र आले. साधन दोनदा बदलले, आडोसा मात्र बदलला नाही. कारण सधन, बलवान माणसास उघड मत देण्याची भीती नसते. ज्याची रोजी दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे, त्यास आडोशाची गरज असते. म्हणून मत फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. अंध वा अपंग मतदारास सोबती नेता येतो, परंतु तो सोबती १८ वर्षांचा असावा, त्याने त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती व्हावे आणि मत गुप्त ठेवण्याचे लेखी वचन द्यावे, असा नियम आहे. एकच कार्यकर्ता दहा वृद्धांचा हात धरून आत जातो, ते सेवेचे नव्हे, नियमभंगाचे लक्षण होय.

प्रात्यक्षिक

शाळेच्या मंत्रिमंडळाची निवड हात वर करून न घेता पुढीलप्रमाणे घ्यावी. आठवडाभर आधी वर्गाची यादी दाराशी लावावी. तीत जाणूनबुजून दोन चुका ठेवाव्यात: एका मुलाचे नाव चुकीचे लिहावे व शाळा सोडून गेलेल्या एकाचे नाव ठेवावे. हरकती लेखी मागवाव्यात. ज्यांनी यादी वाचलीच नाही, त्यांच्या ते ध्यानात येईल. नंतर उमेदवार, चिन्हे, तीन मतदान अधिकारी, प्रतिनिधी व पुठ्ठ्याचा आडोसा यांसह मतदान घ्यावे. मोजणी सर्वांसमक्ष करावी. हरलेल्या उमेदवाराने जिंकलेल्याचे अभिनंदन करावे, हा शेवटचा व महत्त्वाचा भाग चुकवू नये.

शिक्षकांनी पाळावयाची पथ्ये

वर्गात कोणत्याही पक्षाचे किंवा उमेदवाराचे नाव, बरे किंवा वाईट, उच्चारू नये. मुलांस घरच्यांनी मत कोणास दिले असे विचारू नये, व मुलाने आपण होऊन सांगितल्यास हळुवारपणे विषय बदलावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने शिक्षकांकडील अन्य कामे काढली, परंतु जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ही कामे कायम ठेवली. या कामाचा भार जड आहे, हे मी जाणतो. तरी गावातील प्रत्येक घर ज्यास ओळखते असा माणूस शिक्षकच असतो, व म्हणूनच यादीचा विश्वास त्याच्यावर टाकलेला आहे. इतरांचे मतदान घडवून आणताना आपले स्वतःचे मतही बुडू देऊ नये. निवडणुकीच्या कामावर नेमणूक होताच टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ वेळेवर भरावा.

स्वाध्याय

(१) आपल्या घरातील सर्व प्रौढ व्यक्तींची संपूर्ण नावे लिहा. ती यादीत तशीच आहेत का, ते पडताळून पाहा.
(२) आपले गाव कोणत्या गणात, गटात, विधानसभा व लोकसभा मतदारसंघात आहे?
(३) गेल्या वर्षी आपल्या घरी सून आली असल्यास किंवा मुलगी सासरी गेली असल्यास कोणता नमुना भरावा?
(४) पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने का वाचतो?
(५) यादीत ८०० महिला मतदार आहेत. दारूबंदीच्या मतदानाची मागणी करण्यासाठी किती सह्या व दुकान बंद होण्यासाठी किमान किती मते हवीत?

पहिला प्रश्न मुलांनी घरी सोडवून आणल्यावर वहीतील उत्तरे शिक्षकांनी स्वतः पाहावीत. एखाद्या आजीचे नाव यादीत नाही असे आढळल्यास त्या दिवशीच तिच्या घरी जावे व नमुना ६ सोबत न्यावा. दाराला कुलूप असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.